एका हाताने वाचायची पुस्तकं

काट्यावरचा आकडा दोनदा मागेपुढे झाला आणि थांबला. दोन किलो सातशे. मैमुनाबी नर्सने बाळ उचललं, काटा शून्यावर आणला, बाळ पुन्हा ठेवलं. दोन सातशेच. जन्मली तेव्हा दोन नऊशे पन्नास होती आणि आज अकरावा दिवस. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, पोट चाचपलं, कावीळ नाही म्हणाल्या, ताप नाही म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी खरडून पुढच्या पेशंटला हाक मारली. बाकीचं मैमुनाबीने तिच्या केरळी हिंदीत सांगितलं. "कल सुबह फिर लाओ. वजन नहीं बढ़ा तो बोतल चालू करना पड़ेगा. डरने का नहीं, हाँ?" मग तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली, तशी पोरीने असा काही भोंगा पसरला की बाहेर बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "देखो, आवाज तो फर्स्ट क्लास है!" मैमुनाबी खूश होऊन म्हणाली. शुभ्राला हसू आलं नाही. तिच्या डोक्यात ते अडीचशे ग्रॅम घोळत होते. अडीचशे ग्रॅम म्हणजे चिवड्याचं एक पाकीट. एवढं मूल आपल्या हातून कुठेतरी सांडलं, आणि कुठे सांडलं तेच कळत नाही, असं तिला वाटत होतं.

जूनमधली दुपारची शारजा. टॅक्सीच्या काचेबाहेर रस्ता पांढराफटक पडलेला. क्रेन होत्या तिथेच उभ्या, पण एकही हलत नव्हती. वर्षापूर्वी याच क्रेनांकडे बोट दाखवून तिचा नवरा तन्मय म्हणायचा, अगं बघ बघ, मोज किती आहेत त्या. आता तो काही म्हणत नाही, गाडी चालवताना सरळ समोर बघतो. टॅक्सीचा एसी जोरात होता. बाळ टक्क जागं, मूठ तोंडात कोंबून मचमच चोखत होतं, आणि शुभ्रा घाईघाईने त्याच्यावर ओढणी टाकत होती, वारा लागेल म्हणून. हे तिला तेव्हा दिसलं, कळलं मात्र नाही. तिचं मन मागे गेलं होतं. गेल्या सप्टेंबरात चाचणीच्या कांडीवर दोन रेघा उमटल्या आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर अमेरिकेतली कुठली तरी बँक बुडाल्याची बातमी लागली. दोघांनी टीव्हीचा आवाज बंद करून पेढे खाल्ले होते. कुठली अमेरिका, कुठली बँक! जानेवारीत शुभ्राची नोकरी गेली. फेब्रुवारीत अल मनखूलचं घर गेलं, भाडं झेपेना म्हणून शारजाला यावं लागलं. मेमध्ये आईचं येणं गेलं. तन्मयचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कंपनीच्या ऑफिसात पडून होता, तो सुटल्याशिवाय आईचा व्हिसा निघेना, आणि ऑफिसवाले 'इन्शाल्ला, नेक्स्ट वीक' यापलीकडे बोलेनात. दरवेळी तिने मनाशी म्हटलं होतं, जाऊ दे. पण दूध तिला जाऊ द्यायचं नव्हतं. बाटलीत वाईट काही नाही, हे तिला समजत होतं. शेजारच्या हमीदाची तीन पोरं बाटलीवरच धष्टपुष्ट झाली होती आणि दिवसभर जिन्यात दंगा करत होती. पण या अख्ख्या वर्षात कुणाच्या सहीशिक्क्यावाचून होईल असं हे एकच काम उरलं होतं. हे तरी माझ्या हातचं राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं. आणि त्याचा निकाल उद्या सकाळी काट्यावर लागणार होता.

घरात शिरल्याबरोबर तिने काय केलं, तर बेडरूमचा एसी बंद केला. सकाळी तन्मय घाम पुसत पुसत तो लावून गेला होता. बाळंतिणीच्या खोलीत कसला आलाय एसी? पुण्याहून आई रोज चारच्या ठोक्याला फोन करायची आणि पहिला प्रश्न तोच असायचा: बंद आहे ना गं? कान बांधलेस ना? टोपडं घातलंस ना तिला? हॉलमधला एसी चालू असायचा, दार अर्धं लोटलेलं, आणि आत शुभ्रा कानाला रुमाल बांधून घामाने निथळत बसायची. बाळंतिणीला घाम यायचाच, असं आई म्हणे. आणि बाळाचे कपडे? त्यासाठी पुस्तक होतं. गुळगुळीत कागदाचं, मॉलमधून आणलेलं, पंच्याऐंशी दिरहमचं, म्हणजे अकराशे रुपये, असं तन्मयने तेव्हा मोठ्यांदा म्हटलं होतं. त्यात नवजात बाळाच्या कपड्यांचं अख्खं पान होतं. आत बनियन, वर पायमोज्यांसकट अंगभर सूट, त्यावर लोकरीचं जाकीट, आणि मग पांघरूण. शुभ्राने ते सगळं जसंच्या तसं पाळलं. पाळणारच! नोकरीत तिचं काम तेच होतं. बांधकामाच्या नकाशांची नोंद ठेवायची. नकाशा बदलला की जुन्यावर लाल शिक्का मारून तो बाद करायचा आणि नवा साइटवर धाडायचा. सात वर्षांत तिच्या टेबलावरून एकही बाद नकाशा बाहेर गेला नव्हता. तिथला नियम साधा होता. दोन कागदांत तंटा असला तर वर विचारायचं, तंटा नसला तर दोन्ही पाळायचे. आईचं म्हणणं खोलीबद्दल होतं, पुस्तकाचं म्हणणं कपड्यांबद्दल. तंटा कुठे होता? तिने दोन्ही पाळले, अगदी मन लावून, अकरा दिवस.

बाळ पाचव्या मिनिटाला झोपलं. तिने छातीशी धरलं, गालावर बोट फिरवलं, तळव्याला गुदगुल्या केल्या. दोन चोखे मारून ते पुन्हा पेंगलं. कपाळावरचे केस ओले होऊन चिकटले होते. आपल्याला दूधच येत नाही, शुभ्राच्या मनाने ठरवून टाकलं, म्हणून ती कंटाळून सोडून देते, दुसरं काय? एवढी बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचे कोर्स केले, आणि जे आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईलाही सहज जमतं ते मला येत नाही. तिने बाळाला खाटेत ठेवलं. लाकडी, दोन्ही बाजूंना कठडे असलेली, एका कठड्यावर बारीक दातांच्या खुणा असलेली खाट. त्या खुणा अ‍ॅशलेच्या. अ‍ॅशले म्हणजे अ‍ॅलिसची मुलगी. आणि अ‍ॅलिस आत्ता इथे असती तर, असं मनात येताच शुभ्राच्या डोळ्यांना खळकन पाणी आलं, कारण अ‍ॅलिसला ती जेमतेम दोनदा भेटली होती, आणि तरी या देशात सगळ्यात जास्त आठवण तिची येत होती.

एप्रिलमध्ये सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठ्यांची गर्दी झाली होती. सोफा, टीव्ही, गाडी, डायनिंग टेबल. लोक घरंच्या घरं विकून निघाले होते, कारण नोकरी सुटली की महिनाभरात देश सोडायचा असतो. त्या गर्दीत एका वहीच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं: बाळाची खाट आहे, गरज असेल त्यांनीच यावं. आणि खाली मराठीत, मराठी असाल तर चहा मिळेल. पत्ता अल मनखूलचा. चार वर्षं शुभ्रा तिथेच दोन गल्ल्या पलीकडे राहिली होती, पण कधी गाठ पडली नव्हती. दार उघडलं ते पस्तिशीतल्या, उंच, केसांत पेन्सिल खोचलेल्या बाईने. वसईची. एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या ऑफिसात होती. हॉटेलाने तिला काढलं आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या हॉटेलाने तिच्या नवऱ्याला, लॅन्सीला. घरात खोक्यांचा डोंगर, आणि त्यातून चार वर्षांची अ‍ॅशले डोकं काढून विचारत होती, "ममा, इज शी टेकिंग माय बेड?" "तुझी कसली बेड, घोडे? पाय बाहेर येतात तुझे," अ‍ॅलिस म्हणाली, आणि शुभ्राच्या पोटाकडे बघून, "आठवा? खाट देते. पण कुठे ठेवणार ते बघितल्याशिवाय देणार नाही हां." शुभ्राला आधी रागच आला. खाट विकतेय की मुलगी देतेय? पण चहा चांगला होता. बेडरूममध्ये खाट बघायला गेली तेव्हा दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला, कारण तिथली खिडकी इमारतीच्या आतल्या बोळकांडीत उघडत होती. ती गोष्ट तिच्या लक्षात राहिली, कशी कोण जाणे.

आणि खरंच, पुढच्या शुक्रवारी लॅन्सीने गाडीच्या टपावर खाट बांधून आणली आणि अ‍ॅलिस बरोबर आली. खोलीत शिरल्यावर तिने कुणाशी बोलण्याआधी भिंतीवर तळहात ठेवला. पडदा सरकवून बघितलं. एसीखाली उभी राहून हात वर केला, झोत कुठवर येतो ते पाहिलं, आणि म्हणाली, "इथे नको, तिथे. लॅन्सी, सरकव." लॅन्सी बिचारा मुकाट्याने सरकवत होता. "हिने हॉटेलच्या तीनशे खोल्या अशाच लावल्यात," तो तन्मयला म्हणाला, "गेस्टची तक्रार एक नाही. तरी काढलंन." त्याच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त होता. मग अ‍ॅलिसला फळीवरची पुस्तकं दिसली. सात होती. गरोदरपणाची तीन, दुधाची दोन, पहिल्या वर्षाची दोन. शुभ्राने ती इंटरनेटवरच्या याद्या चाळून, एकेक तपासून, क्रमाने लावली होती. तिला वाटलं, आता ही कौतुक करणार.

अ‍ॅलिस पलंगावर मांडी ठोकून बसली आणि पहिलं पुस्तक मधोमध उघडून तिने मांडीवर ठेवलं, हात काढून घेतला. पुस्तक फटकन मिटलं. "हे गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

"अगं, तुझा एक हात बाळाखाली असणार. दुसऱ्या हाताने पान उलटायचं. मिटणारं पुस्तक काय डोक्याने धरणार?" दुसरं उघडं राहिलं. तिने मागची सूची काढली, बोट वरून खाली फिरवलं. "ज्या गोष्टी विचारायची आपल्याला लाज वाटते ना, त्या इथे बघायच्या. मूळव्याध आहे का? नाही. बघ, बाईला मूळव्याधच नाही! हे पण गेलं." तिसऱ्यात तिने रडण्याचं पान काढलं. सगळ्यात आधी रडण्याचंच पान उघडायचं म्हणे, तिथे पुस्तकाची लायकी कळते. "काय लिहिलंय? तज्ज्ञांचा सल्ला घ्या. जेजू! मी तुला विकत घेतलं ते कशाला मग?" तन्मय दारात उभा राहून फिस्सकन हसला. शुभ्राने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण तिलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कोणी हसत होतं. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाशी अ‍ॅलिस जरा थबकली. त्यात एक गोरी आई बाळाला पाजत होती, केस मोकळे, स्वच्छ, चमकदार. "केस धुतलेली बाई दिसली की समजायचं, फोटो काढणाऱ्याने बाळ भाड्याने आणलंय. आणि बाहेर बर्फ बघितलास खिडकीत? हे त्या बर्फासाठी लिहिलंय. टाक." शेवटी सातातलं एकही उरलं नाही. "राग नको धरू, बाय," ती उठता उठता म्हणाली. "पुस्तकाला माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असं जे सांगतं ना, ते ठेवायचं. माझ्याकडे तीन आहेत. जायच्या आधी देईन." शुभ्राने सहा पुस्तकं खरंच दिली टाकून. गुळगुळीत तेवढं ठेवलं. अकराशे रुपये कसे टाकायचे?

दहा दिवसांनी वॉचमन खैरुद्दीनने वर येऊन नायलॉनच्या दोरीने बांधलेला गठ्ठा दिला. "वो लंबी मॅडम एअरपोर्ट जाते जाते दे के गयी. बोली, ऊपर नहीं आती, आयी तो रोयेगी." तीन जुनी पुस्तकं. गरोदरपणाचं पातळ, दुधाचं मधल्या आकाराचं, पहिल्या वर्षाचं जाडजूड. तिन्ही मांडीवर ठेवली की सपाट उघडी राहत. आणि पानापानाच्या कडेला पेन्सिलीने, बारीक गोल मराठी अक्षरात, अ‍ॅलिस बोलत होती. 'उशी पाठीला घे, पोटाला नको. चित्र चुकलंय.' 'इथे पुस्तक कबूल करतंय की कारण ठाऊक नाही. शाबास.' 'कोणीतरी म्हणेल, आमच्या वेळी असं नव्हतं. ऐकून घे, चहा कर.' 'हे तीनदा वाच. चौथ्यांदा नको, बाळ रडतंय.' शुभ्रा पहिल्यांदा ते वाचताना संकोचली होती. दुसऱ्याची डायरी उघडल्यासारखं वाटलं. चार वर्षांपूर्वी मनखूलच्या त्या अंधाऱ्या खोलीत तान्ह्या अ‍ॅशलेला घेऊन बसलेली अ‍ॅलिस स्वतःशीच बोलत असणार, स्वतःलाच अगं-तुगं करून दम देत असणार, असं तिला वाटायचं, आणि तिच्याबद्दल माया दाटून यायची. काय बाई आहे! स्वतः घाबरलेली असताना स्वतःला असं हसवायला केवढी छाती लागते. नकाशांवर शेरे मारणारे थोर थोर इंजिनियर शुभ्राने पाहिले होते. वाचणाऱ्याला काय कळणार नाही हे ओळखून नेमका तिथे शेरा मारणारा एकही आठवत नव्हता.

आत्ता, कानाला रुमाल बांधून, ती दुधाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. साडेतीन वाजले होते. ऊन पडद्यातून आत शिरून खाटेपर्यंत आलं होतं. दूध कमी पडण्याचं प्रकरण तिने गेल्या चार दिवसांत इतक्यांदा वाचलं होतं की छापील ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकत. तिने काय काय केलं नव्हतं! मेथ्या खाल्ल्या, अळीव खाल्ले, पाणी ढोसलं. कडेचा पेन्सिलीचा शेरा तिने आधीही पाहिला होता, पण त्यात औषध नव्हतं म्हणून सोडून दिला होता. आता तिने तो नीट वाचला. 'आधी दुधाला दोष देऊ नकोस. बाळ दूध मागायला जागं तरी असतं का? नसेल तर जाडं पुस्तक, पान एकशे अठ्ठावीस.' जाडं पुस्तक तिने वाचायला घेतलंच नव्हतं. पहिल्या वर्षाचं ते. बाळ बसायला लागलं, दात आले, की वाचू, असं ठरवून फळीवर उभं करून ठेवलं होतं. पण एका कागदावरून दुसऱ्या कागदावर पाठवलं की जायचं, ही तिच्या बोटांना सवय होती. ती उठली, पुस्तक काढलं, पान एकशे अठ्ठावीस उघडलं. दुधाबद्दल एक अक्षर नाही. ते पान खोलीबद्दल आणि कपड्यांबद्दल होतं. थंडीत खोली किती उबदार ठेवावी, किती कपडे घालावेत. आणि छापील मजकूर जिथे संपत होता तिथून तळापर्यंत पेन्सिलच पेन्सिल.

'हे पान थंड देशातलं आहे. तिथे घर गार, म्हणून बाळाला कपडे. इथे कोणीतरी एसी बंद करायला सांगेल, आणि पुस्तक कपडे घालायला सांगेल. दोन्ही एकदम ऐकलंस तर बाळ शिजेल. गरमलेलं बाळ पेंगतं, पेंगलेलं पीत नाही, न पिणाऱ्याचं वजन उतरतं, आणि दूध मागितलं गेलं नाही की दूधही हळूहळू जातं. मानेमागे बोट घाल. घाम आहे? तुझी खोली पश्चिमेची, तीननंतर भट्टी होते. एसी लाव, पंचवीसवर. डायपर आणि एक पातळ झबलं, बस. पाच मिनिटं थांब. मग धर.'

शुभ्राने बाळाच्या मानेमागे बोट घातलं. बोट ओलं झालं. आणि मग तिला क्लिनिकमध्ये पसरलेला तो भोंगा आठवला, टॅक्सीत मूठ चोखणारं तोंड आठवलं, गार हवेत जागं होणारं आणि घरात आल्याबरोबर मिटणारं आपलं बाळ आठवलं. अगं आई गं! मीच. दूध नाही, मी. तिने जाकीट काढलं, सूट काढला, बनियन काढलं, पायमोजे काढले; एकेक कपडा निघत होता आणि आतून लालसर, ओलं, एवढंसं पोर बाहेर येत होतं. एसीचा रिमोट सापडेना, उशीखाली सापडला. मग तिने स्वतःच्या कानाचा रुमाल सोडला आणि थांबली. पाच मिनिटं लिहिली होती, तिने घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली.

तेवढ्यात आईचा फोन. चार वाजले होते. "बंद आहे ना गं एसी?"

"नाही. लावलाय."

"अगं! वारं भरेल पोरीला. तू माझं कधी म्हणजे कधी ऐकायचं नाहीस का?"

"ऐकलं ना, आई. अकरा दिवस ऐकलं." शुभ्राचा आवाज चिरकला. "बाहेर शेहेचाळीस आहे. खोलीत छत्तीस होतं. तिचं वजन उतरलंय गं."

पुण्यातल्या सदाशिव पेठेत पंखा बंद करून दोन मुलं वाढवलेली बाई शेहेचाळीसचा आकडा मनात कुठे ठेवावा ते शोधत होती. "शेहेचाळीस?" आई हळूच म्हणाली. "मला काय माहीत, बाई. मी तिथे असते तर माझ्या अंगाला लागलं असतं ना. लगेच बंद कर म्हटलं नसतं." आणि मग रडवेल्या आवाजात, "लाव, लाव. मला नको विचारू. तुला दिसतंय ना, तू बघ." शुभ्रा तिला काहीतरी समजावणार होती, पण खाटेतून एक खणखणीत हाक आली. फोन उशीवर तसाच चालू राहिला. बाळाने तोंड वासलं, मान इकडून तिकडे फिरवली आणि असं घट्ट धरलं की शुभ्राच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चोखे मोजायची तिला सवय झाली होती: दोन, तीन, संपलं. आज ती वीसपर्यंत गेली आणि मग तिने मोजणं सोडलं. गळ्यातून गुटुकगुटुक आवाज येत होता. "पितेय का गं?" उशीवरून आई विचारत होती. "शुभ्रा? पितेय का?"

सकाळपर्यंत दर दोन तासांनी हेच. उठवायचं, उघडं करायचं, धरायचं. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा मागेपुढे झाला. शुभ्राने डोळे मिटून घेतले होते, तन्मयने तिचा दंड धरला होता. दोन सातशे पंचेचाळीस. मैमुनाबीने बाळ उचलून पुन्हा ठेवलं, तिलाही खात्री करायची होती. पंचेचाळीसच. "खलास!" तिने टाळी वाजवली. "बोतल कॅन्सल! रोज ऐसे पिलाओ, अगले हफ्ते आओ." तन्मय पार्किंगमध्ये जाऊन गाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ वळला नाही.

दुपारी, बाळाला पाजता पाजता, शुभ्राने पान एकशे अठ्ठावीस पुन्हा उघडलं. एका हाताने. घाईत नीट वाचलंच कुठे होतं? आता तिला एकेक शब्द सावकाश वाचायचा होता. पडद्यावर ऊन सरकत येत होतं. तुझी खोली पश्चिमेची, तीननंतर भट्टी होते. ती तिथेच थांबली. मनखूलच्या त्या बेडरूममध्ये ऊन येत नव्हतं. पूर्वेचं नाही, पश्चिमेचं नाही. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला होता. मग भिंतीवर तळहात ठेवणारी, पडदा सरकवून बघणारी अ‍ॅलिस तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने पातळ पुस्तक ओढून पानं उलटली. 'उशी पाठीला घे'. त्या शुक्रवारी शुभ्रा पोटाशी उशी धरून बसली होती. 'ऐकून घे, चहा कर'; आईबद्दल शुभ्रानेच तर तिला सांगितलं होतं. अ‍ॅलिस स्वतःशी कुठे बोलत होती? एकही शेरा चार वर्षांपूर्वीचा नव्हता. तिने मोकळ्या हाताने फोन उचलला आणि वसईचा नंबर लावला. नंबर पातळ पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होता, आणि दोन महिन्यांत तिने तो एकदाही फिरवला नव्हता.

"बोल बाय," अ‍ॅलिस म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं. मागे कावळे ओरडत होते. "झालीस मोकळी? काय झालं?"

"मुलगी." आणि मग शुभ्राने धडाधड सगळं सांगून टाकलं, काटा, घाम, जाकीट, पान. "अ‍ॅलिस, तुम्ही ते कधी लिहिलंत? मला वाटायचं, अ‍ॅशलेच्या वेळचं आहे."

"अ‍ॅशलेच्या वेळी एवढी अक्कल असती तर आणखी काय हवं होतं!" अ‍ॅलिस हसली, पण पुढचं हलक्या आवाजात बोलली. "अ‍ॅशले बाटलीवर वाढली गं. मी पण बसले होते एसी बंद करून, लोकरीत गुंडाळून. सासू म्हणाली, पुस्तक म्हणालं, दोघांचं ऐकलं. पोर झोपूनच. पंधरा दिवसांत सगळं आटपलं. तसं काही बिघडलं नाही, घोडी झालीय, शाळेत सगळ्यांना मारते. पण माझ्या मनात राहून गेलं. मग ही पुस्तकं घेतली. लॅन्सी म्हणायचा, आता कशाला? म्हटलं, कुठे चुकलं ते कळायला नको?"

"पण लिहिलंत कधी? तुमचं तर पॅकिंग चाललं होतं."

"पॅकिंग लॅन्सीने केलं. निम्मी भांडी फोडलीन. मी खोक्यावर बसून तुझी पुस्तकं करत होते, आठ दिवस. नोकरी गेली, घर निघालं, शाळा सुटली पोरीची. म्हटलं, एक खोली तरी नीट लावून जावं." शुभ्राने आलेलं रडू अडवलं नाही, आणि बाळ त्या हुंदक्यांबरोबर हलत हलत पीत राहिलं. "ए, रडतेस काय? दुधावर परिणाम होतो म्हणतात. होत नाही, पण म्हणतात. ते जाऊ दे. आज किती भरलं ते सांगितलं नाहीस."

"पंचेचाळीस ग्रॅम वाढलं."

पलीकडे फोन कशावर तरी आदळला. अंगणातून धावत गेलेल्या चपलांचा आवाज आला, आणि मग अ‍ॅलिसची हाक, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी. "लॅन्सी! अरे लॅन्सी! पंचेचाळीस ग्रॅम वाढलं!"

"कोणाचं?" लांबून, बहुधा विहिरीकडून, लॅन्सीचा आवाज आला.

"कोणाचं काय विचारतोस?" अ‍ॅलिस ओरडली. "आपलं!"